रंगाखालचा बोल्ट

सोलापुरातल्या त्या खासगी तंत्रनिकेतनाच्या ऑटोमोबाइल विभागात विद्येची आराधना ऑइलपेंटने होत असे. दर दोन वर्षांनी तपासणी समिती येई, आणि ती येण्याआधीच्या आठवड्यात विभागातली प्रत्येक लोखंडी वस्तू रंगवली जाई. आतला भाग दिसावा म्हणून कापून ठेवलेली इंजिने लाल-पिवळी होत, गिअरबॉक्स निळे, टेबले राखाडी आणि व्हाइस हिरव्या. व्हाइसचे जबडेसुद्धा हिरवे होत, त्यामुळे पुढचा महिनाभर त्यांत धरलेली प्रत्येक वस्तू घसरत असे. विभागप्रमुख डॉ. प्रदीप माळवदकर यांचा दंडकच होता की समितीच्या डोळ्यांना उघडे लोखंड दिसता कामा नये. उघडे लोखंड म्हणजे गंज, गंज म्हणजे दुर्लक्ष आणि दुर्लक्ष म्हणजे शेरा. आजवरच्या एकाही समितीने एकही इंजिन सुरू करून पाहिले नव्हते, त्यामुळे या तत्त्वज्ञानाला अनुभवाची बाधा कधी झाली नव्हती.

हे रंगकाम ज्याच्या हातून होई तो नवनाथ शिवशरण. प्रयोगशाळा निदेशक, पण तात्पुरता; आणि ते तात्पुरतेपण अठरा वर्षांचे झाले होते. दर अकरा महिन्यांनी त्याला एका दिवसापुरते सेवेतून कमी करण्यात येई आणि दुसऱ्या दिवशी नव्याने घेण्यात येई. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याने आयुष्यात सलग वर्षभर काम असे कधी केलेलेच नव्हते. त्या मधल्या एका दिवशीही तो येऊन मुलांचे प्रात्यक्षिक घेत असे. फक्त हजेरीपटावर सही करत नसे. विभागात बंद पडलेले जे काही पुन्हा चालू होई ते त्याच्या हातून होई, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती आणि म्हणूनच कुठेही लिहिलेली नव्हती.

यंदा मात्र निदेशकाचे एक पद निघाले होते. कायम, पूर्णवेळ, अनुसूचित जातीसाठी राखीव. वयाची अट त्रेचाळीस वर्षांची, आणि नवनाथची त्रेचाळीस पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. हे पद हुकले की पुढचे पद त्याच्या मुलाच्या पिढीसाठी निघणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मुलाखत दसऱ्यानंतरच्या सोमवारी होती. निवड समितीत संस्थेचे सचिव, पुण्याहून येणाऱ्या एक तज्ज्ञ बाई आणि विभागप्रमुख या नात्याने माळवदकर. नवनाथचे काम अठरा वर्षे पाहिलेला माणूस त्या तिघांत एकच होता, तेव्हा त्याच्या शब्दावर बाकीचे दोघे मान डोलावणार, हे उघड होते.

माळवदकरांनी दसऱ्याच्या तोंडावर स्वतःची मोटार स्वतः दुरुस्त करायला काढली, इथून पुढची हकिकत सुरू होते.

मोटार पांढरी, बारा वर्षांची. बॅटरीतून झिरपलेल्या आम्लाने बॅटरीखालचा पत्रा खाल्ला होता. नवनाथने दुपारच्या सुट्टीत तो साफ करून दिला असता. पण माळवदकरांनी सुट्टीत मोबाइलवर दुरुस्तीचे व्हिडिओ पाहिले होते, आणि वाहनांच्या विद्युतयंत्रणेवर तीस वर्षे व्याख्याने दिलेल्या माणसाला एका परदेशी पोराने पाना कसा धरावा ते शिकवावे, हे त्यांना लागले असावे. रविवारी कॉलेज बंद असताना त्यांनी गाडी कार्यशाळेत आणली, बॅटरी काढली, गंज घासला आणि तपासणीतून उरलेल्या हिरव्या रंगाचा डबा उघडला. घासला तो गंजलेला भाग. रंगवले मात्र सगळे. पत्रा, त्याच्या कडा, भोवतीची बॉडी, आणि बॉडीवरची ती रुपयाएवढी उघडी जागासुद्धा, जिथे बॅटरीच्या मायनसची जाड वायर बोल्टने आवळलेली असते. कारखान्याने ती जागा मुद्दाम उघडी ठेवलेली असते, कारण गाडीतली सगळी वीज त्या वाटेने परत येते. कारागीर तिला नुसते अर्थ म्हणतात. माळवदकरांना तिथे उघडे लोखंड दिसले, आणि उघडे लोखंड दिसले की काय करायचे हे त्यांच्या हाताला पाठ होते.

सोमवारी सकाळी नवनाथ आला तेव्हा साहेब वायर आवळून हात पुसत होते. तिसऱ्या वर्षातली काव्या येमुल तिच्या प्रकल्पाची वही घेऊन बाजूला उभी होती. प्रकल्पाचे मार्गदर्शक माळवदकरच, आणि वही तपासून घ्यायची तर साहेबांचा पाना थांबेपर्यंत थांबणे आले.

नवनाथने बॉनेटखाली एकदा पाहिले. त्याला दुसऱ्यांदा पाहावे लागत नसे.

"सर, अर्थच्या वायरखाली रंग आलाय. जरा खरवडून घेतो की. दोन मिंटांचं काम हाय."

"नवनाथ, तुम्हाला अर्थिंग कुणी शिकवलं?"

नवनाथला ते बार्शीच्या एका गॅरेजवाल्याने शिकवले होते, थोबाडीत मारून. पण तो म्हणाला, "तुमीच की सर."

"मग? बोल्ट मी स्वतः आवळलाय. हे बघा." माळवदकरांनी आत हात घालून हॉर्न वाजवला, हेडलाइट लावले. "वीज जाते आहे, येते आहे. आणखी काय पाहिजे? हात लावू नका आता, रंग ओला आहे. तुम्ही ते पाने पुसायला घ्या, उद्या पूजेला लागतील."

दिव्याला वीज लागते चिमूटभर आणि स्टार्टरला लागते पोतेभर. बोल्टच्या आट्यांतून कशीबशी चिमूटभर जात होती. हे नवनाथला दिसत होते आणि सांगताही आले असते. पण किल्ली फिरवली असती तर सांगण्याचीही गरज पडली नसती. ती फिरवायची नव्हती. कारण विभागाचा संकेत असा की खंडेनवमीला ज्या वाहनांची पूजा व्हायची त्यांचे इंजिन आदल्या दिवसापासून पूजेपर्यंत सुरू करायचे नाही. हळदकुंकू वाहून, नारळ फोडून, चाकाखाली लिंबू ठेवून मग सचिवांच्या हस्ते किल्ली फिरायची, आणि रांगेत पहिली गाडी साहेबांची. यंत्रशास्त्राच्या विभागाने यंत्र तपासण्याआधी त्याची पूजा करावी, यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

मंगळवारी दहा वाजता झेंडूच्या माळा लागल्या. नवनाथ दरवर्षीप्रमाणे कडेच्या खांबापाशी उभा होता. तो पूजा करत नसे. दुसऱ्या दिवशी त्याच्या वस्तीत त्याचा स्वतःचा, वेगळ्या कारणाचा मोठा दिवस असे. माळवदकर पहिल्या वर्षीच त्याला समजुतीने म्हणाले होते, "आपल्याकडे असलं काही मानत नाही हो. फक्त फोटोत गर्दी होते, तेव्हा जरा त्या बाजूला." तेव्हापासून खांब ठरलेला होता.

सचिव सिद्धलिंगप्पा, ज्यांना सारी संस्था अण्णा म्हणे, धोतर सावरत गाडीत बसले. नारळ फुटला. सव्वाशे मुले, सगळा शिक्षकवर्ग आणि संस्थेचा छायाचित्रकार चाकाखालच्या लिंबाकडे पाहू लागले. अण्णांनी किल्ली फिरवली.

टक्.

समोरच्या फलकावरचे दिवे विझले आणि पुन्हा लागले. अण्णांनी पुन्हा फिरवली. टक्.

"काय हो डॉक्टर," अण्णा खिडकीतून म्हणाले, "तुमचा पेशंट ऑपरेशन टेबलावरच गेला की!"

मागे मुले हसली. माळवदकरही हसले, कारण अण्णा हसत असताना न हसण्याची संस्थेत पद्धत नव्हती. "बॅटरी उतरली असणार, अण्णा. नवनाथ, कार्यशाळेतली दुसरी बॅटरी आणा."

दुसरी बॅटरी आली, त्याच वायरींना लागली. टक्.

"स्टार्टर अडकलाय. हातोड्याच्या दांड्याने ठोका जरा."

नवनाथने ठोकले. टक्.

"मग रिले. नाहीतर इग्निशन स्विच. या कंपनीच्या गाड्यांना हा प्रॉब्लेम येतोच." माळवदकर एकेका भागाचे नाव असे उच्चारत होते की तो भाग त्यांना परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी वाटावा. कपाळावरच्या गंधातून घाम खाली यायला लागला होता.

"ढकलायला सांगू का पोरांना?" अण्णांनी विचारले. त्यांच्या मनात खरोखर मदतच होती. पण ऑटोमोबाइल विभागाच्या प्रमुखाची गाडी पूजेच्या दिवशी विद्यार्थ्यांनी ढकलायची, आणि त्याचा फोटो! माळवदकर वळले.

"नवनाथ. बघा जरा."

आता इथे नवनाथला काय करता आले असते याचा हिशेब त्याने पुढे पुष्कळदा मांडला. त्याला बोल्टला वळसा घालणारी नुसती जोडवायर लावून गाडी चालू करता आली असती, आणि ‘काय माहीत सर, लागली’ म्हणून मोकळे होता आले असते. पण कसबी माणसाचा हात त्याच्या शहाणपणाला विचारून चालत नाही. त्याने खिशातला मीटर काढला आणि नेहमीच्या सवयीने जवळच्या विद्यार्थ्याच्या हातात दिला. जवळ काव्या होती.

"एक टोक मायनसला. दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. अण्णा, फिरवा."

टक्.

"अकरा, सर! अकराच्या वर!"

"किती पायजे?"

"अर्ध्या व्होल्टच्या आत." काव्याचा चेहरा उजळला. तिचे वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई विड्या वळणारी. घरात कुणी असे प्रश्न विचारत नसे आणि उत्तर बरोबर आल्याचा आनंद ती लपवायला शिकली नव्हती. नवनाथने जोडवायर मायनसपासून थेट इंजिनला लावली, अण्णांना खूण केली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. अण्णांनी ती वीतभर पुढे घेतली, लिंबू चिरडले गेले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात काव्या बोल्टवर वाकली, नखाने तिथला रंग उचकटला आणि सव्वाशे माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"सर, वायरच्या खाली रंग आहे! अर्थ बसलाच नाही! असं कुणी केलं?"

टाळ्या थांबल्या. इंजिन तेवढे चालू राहिले.

तिला कुणी केले ते ठाऊक होते. आदल्या सकाळी ती तिथेच होती. पण बरोबर उत्तराच्या नशेत प्रश्न तोंडातून गेला आणि मग तिला समजले की आपण काय विचारले. नवनाथने माळवदकरांकडे पाहिले. तो चेहरा त्याने अठरा वर्षांत कधी पाहिला नव्हता. त्यावर राग नव्हता. त्यावर भीती होती, आणि नवनाथला ठाऊक होते की मोठ्या माणसाची भीती पाहिलेल्या लहान माणसाला क्षमा नसते. सोमवार सहा दिवसांवर होता.

"मी," नवनाथ म्हणाला. "मीच बसवली वायर. माझ्या हातनं राहिलं."

"पण सर, काल तर—"

"काव्या, तोंड बंद ठेव! मीटर ठेव जाग्यावर. दिसंल ते बडबडायचं, एवढंच येतंय व्हय तुला?"

तो तिच्याशी असा कधीच बोलला नव्हता. तिने मीटर ठेवला. माळवदकरांच्या चेहऱ्यावर रंग परत यायला श्वासभर वेळ लागला. मग ते पुढे आले, त्यांनी नवनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू द्या. होतं असं. माणूसच आहे." अण्णांनी मान डोलावली. छायाचित्रकाराने फोटो घेतला. त्या फोटोत नवनाथ पहिल्यांदाच आला.

दुपारी केबिनमध्ये बोलावणे आले.

"बसा, बसा. अण्णा विचारत होते. सगळ्यांसमोर झालं ना. मी म्हटलं, विभागाकडून दोन ओळींचा खुलासा फाइलला लावतो, विषय संपला. तुम्ही फक्त काय झालं ते लिहा."

"काय झालं ते?" नवनाथने विचारले.

"म्हणजे, सकाळी म्हणालात ते." माळवदकर खिडकीबाहेर पाहत होते. "सोमवारी मी आहेच ना समितीवर. तुम्ही कशाला काळजी करता?"

नवनाथने लिहिले की विभागप्रमुखांच्या वाहनाची अर्थची वायर बसवताना त्याच्याकडून चुकून रंगावर बसवली गेली. माळवदकरांनी कागद घेतला, चष्मा लावला. भाषेच्या बाबतीत ते फार काटेकोर होते.

"‘चुकून’ हा शब्द कार्यालयीन नाही. ‘हलगर्जीपणामुळे’ लिहा. आणि शेवटी ‘भविष्यात अशी पुनरावृत्ती होणार नाही’. त्याशिवाय खुलासा पूर्ण होत नाही."

नवनाथने नवा कागद घेतला. जुना माळवदकरांनी नीट चार तुकडे करून टोपलीत टाकला.

संध्याकाळी शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात त्याने ही गोष्ट पूनमला, त्याच्या बायकोला, हसत सांगायला घेतली. ती दुसऱ्या दिवशीच्या पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती. हसली नाही.

"लिवून दिलं?"

"आगं, फाइलला लावायला. सायबाची आब्रू राखली, साहेब आपली राखंल. सोमवारी त्यांच्याच हातात हाय की समदं."

"तुमी केलं न्हाय, तरी केलं म्हून लिवलं."

"एवढं काय त्यात? एक वायर तर हाय."

"वायर न्हाय ओ. सही हाय." तिने इस्त्री उभी केली. "तोंडानं बोलला असता तर वाऱ्यावर गेलं असतं. अठरा वर्सं त्या मान्सानं तुमचं चांगलं काम कधी कागदावर घेतलं न्हाय. आन वाईट पयल्याच दिशी घेतलं. तुमाला कळलं न्हाय व्हय?"

"तुला माणसांची पारख न्हाय," नवनाथ म्हणाला, आणि पुढचे पाच दिवस दोघे कामापुरते बोलले.

त्या पाच दिवसांत माळवदकरांच्या ठायी जे घडले त्याला खोटेपणा म्हणणे हे खोटेपणाला कमी लेखणे होईल. बुधवारी सुट्टी होती. गुरुवारी स्टाफरूममध्ये ते म्हणाले, "मी आपला विश्वासाने त्यांच्यावर सोपवलं." शुक्रवारी म्हणाले, "मी त्यांना सांगितलंही होतं, रंग खरवडून घ्या." आणि शनिवारपर्यंत त्यांना ते आठवायला लागले. आपण वाकून सांगितलेले, नवनाथने ‘हो हो’ म्हणून उडवून लावलेले, हे सगळे त्यांना तपशिलासह दिसू लागले. विद्वान माणसाच्या स्मृतीला पुराव्याची सवय असते, आणि पुरावा तर फाइलला लागलेला होता, सहीनिशी.

सोमवारी अकरा वाजता नवनाथ आत गेला. मध्ये अण्णा, डावीकडे माळवदकर, उजवीकडे पुण्याच्या डॉ. चैताली सबनीस. बाई साठीच्या आतल्या, बारीक केसांच्या, आणि तक्रार करायला जागा राहू नये इतक्या न्यायी. त्यांनी एकही पुस्तकी प्रश्न विचारला नाही.

"समजा गाडी घरी दुरुस्त झाली. त्यानंतर किल्ली फिरवली की नुसतं टक् होतं. दिवे लागतात. काय पाहाल?"

नवनाथला आपले नशीब उघडल्यासारखे वाटले. त्याने सांगितले. आधी मालकाला विचारायचे, शेवटी हात कुठे लावला. कारण दुरुस्तीनंतरचा बिघाड बहुतेक वेळा दुरुस्तीतच असतो. मग बॅटरी टोकांवर मोजायची, मग किल्ली फिरवत असताना मोजायची, मग मायनस ते इंजिन. नवीन भाग विकत घेण्याआधी वाट तपासायची. बोलता बोलता तो उभा राहिला आणि टेबलावरच्या पेपरवेटला बॅटरी करून दाखवू लागला. सबनीस बाईंनी पेन खाली ठेवून ऐकले.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "इतकं स्वच्छ मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नाही."

अण्णांनी माळवदकरांकडे पाहिले. "मग काय डॉक्टर? करून टाकू की."

"माझी काहीच हरकत नाही, अण्णा," माळवदकर म्हणाले, आणि त्यांनी फाइल उघडली. "फक्त उमेदवाराविषयीचा प्रत्येक कागद समितीपुढे ठेवणं माझं कर्तव्य आहे. उद्या कुणी म्हणायला नको की विभागाने दडवलं. मॅडमनी योगायोगाने नेमकं तेच विचारलं म्हणून."

आणि त्यांनी तो खुलासा वाचला. शांतपणे, प्रत्येक शब्दाला न्याय देत. ‘हलगर्जीपणामुळे’ या शब्दावर जोर नव्हता. त्याची गरजही नव्हती.

सबनीस बाईंनी कागद मागून घेतला, सही पाहिली. "हे तुमचंच?"

नवनाथने माळवदकरांकडे पाहिले. त्याला वाटले होते की निदान नजर चुकवतील. त्यांनी चुकवली नाही. त्यांच्या नजरेत स्वच्छ, दुखावलेला, वडीलधारा खेद होता.

"सही माझी हाय, मॅडम. पण ते मी केलं न्हाय. सायबांनी स्वतः रंगवलं आन स्वतः वायर बसवली. मी सांगितलं बी होतं. सगळ्यांसमोर त्यांची शोभा नको म्हणून मी माझ्यावर घेतलं."

"अरे नवनाथ!" अण्णा म्हणाले. "हे काय बोलायलास?"

माळवदकरांनी चष्मा काढला आणि पुसला.

"म्हणजे," सबनीस बाई सावकाश म्हणाल्या, "हे तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहून दिलंत?"

"व्हय... म्हणजे तसं न्हाय मॅडम, मला लिवायला—"

"कुणी जबरदस्ती केली?"

नवनाथने विचार केला. कुणी दमदाटी केली नव्हती. खुर्ची दिली होती. चहासुद्धा विचारला होता.

"न्हाय," तो म्हणाला.

"मला समजून घ्यायचंय. हा कागद खरा असेल, तर तुम्ही आत्ता जे इतकं छान सांगितलंत ते स्वतः करत नाही. आणि खोटा असेल, तर मुलांच्या प्रात्यक्षिकांच्या नोंदींवर तुमची सही असणार, ती मी खरी कशी धरू?" त्यांच्या स्वरात छद्मीपणा नव्हता. प्रश्न बिनतोड होता, आणि त्यातून तिसरी वाट काढायला जी माहिती लागते ती न्यायी माणसांना सहसा नसते. "कुणी पाहिलं होतं का?"

"काव्या होती," नवनाथ म्हणाला. "येमुल. सोमवारी सकाळी तिथंच उभी होती. तिला इचारा."

"बोलवा की," माळवदकर लगेच म्हणाले. "अवश्य बोलवा."

काव्याला वर्गातून आणले. ती दाराशी उभी राहिली. तिच्या प्रकल्पाची वही माळवदकरांच्या समोर, इतर कागदांच्या ढिगाखाली, निम्मी बाहेर दिसत होती; अंतर्गत गुण भरायचे होते. ती तिथे कुणी मुद्दाम ठेवली नव्हती. तशी गरज अशा ठिकाणी कधीच पडत नाही.

"बाळ, घाबरू नकोस," सबनीस बाई म्हणाल्या. "ती वायर कुणी बसवली होती?"

काव्याने वहीकडे पाहिले, मग माळवदकरांकडे, मग नवनाथकडे. नवनाथने नजरेने जेवढे मागता येते तेवढे मागितले. तिने ते पाहिले, यात शंका नाही.

"शिवशरण सरांनी," ती म्हणाली. "म्हणजे, सर स्वतःच म्हणाले होते. सगळ्यांसमोर."

"तू पाहिलंस का?"

"मी फक्त मीटर धरला होता, मॅडम." मग, कुणी विचारले नसताना, खाली पाहत ती म्हणाली, "सर मला म्हणाले होते, दिसेल ते बडबडायचं नाही."

अण्णा हसले. "पोरगी हुशार हाय." माळवदकरांनी तिला जायला सांगितले, आणि ती गेली. जाताना तिने दार हळूच लावून घेतले.

पुढचे काम नियमानुसार झाले. सबनीस बाईंनी विहित नमुन्यात लिहिले, वाचून पाहिले आणि कागद अण्णांकडे सरकवला. ‘योग्य उमेदवार आढळला नाही.’ अण्णांनी सही केली. माळवदकरांनी सही करण्याआधी पेन क्षणभर थांबवले, आणि नवनाथला, अजूनही, वाटले की आता काही होईल.

"अण्णा, एक विनंती आहे," माळवदकर म्हणाले. "यांचा अकरा महिन्यांचा करार मात्र चालू ठेवावा. माणूस जुना आहे. घरदार आहे. एका चुकीसाठी मी कुणाच्या पोटावर पाय देणार नाही."

"हे तुमचं मोठेपण," अण्णा म्हणाले. सबनीस बाईंनीही मान हलवली. इथे निदान कुणी सूडबुद्धीचा नाही, याचे त्यांना बरे वाटले असावे.

माळवदकरांनी सही केली. मग सगळे नवनाथकडे पाहू लागले. त्या पाहण्यात एक अपेक्षा होती, आणि ती काय हे त्याला क्षणभर कळले नाही. मग कळले. अठरा वर्षांच्या सवयीने त्याची मान खाली गेली आणि ओठ आपोआप उघडले.

"थँक्यू, सर," तो म्हणाला.

"ठीक आहे, ठीक आहे. या आता, पोरं थांबली असतील प्रात्यक्षिकाला." माळवदकरांनी फाइल मिटली.

"पुढचा उमेदवार कोण हाय?" अण्णांनी विचारले.

"एकच होता, अण्णा."